संविधान आणि गुलबर्गा

भारताच्या राज्यघटनेशी गुलबर्ग्याचा (आजचे कलबुर्गी) संबंध दोन टप्प्यांत आला. पहिल्या टप्प्यात घटना वरून लागू झाली; दुसऱ्यात लोकांनी ती आपल्या मागणीसाठी बदलून घेतली. संविधान सभा दिल्लीत बसली तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या, आणि मराठी, कन्नड व तेलुगू भाषक जिल्ह्यांच्या त्या संस्थानात गुलबर्गा होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे सभेने घटना स्वीकारण्याच्या तीन दिवस आधी, निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून हीच घटना हैदराबादला लागू होईल असे जाहीर केले. जनतेच्या सार्वभौमत्वाचा दस्तऐवज राजाच्या फर्मानाने यावा, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. २६ जानेवारी १९५० पासून निजाम ‘ब’ वर्गातील राज्याचे राजप्रमुख झाले.

उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समानता व बंधुता ही मूल्ये या भागात नवखी नव्हती. बीदर जिल्ह्यातील कल्याणला बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांनी जातिभेद नाकारला होता. तेथील अनुभव मंटपाला आज ‘पहिली संसद’ म्हणतात. हा अभिमान समजण्याजोगा असला तरी मताधिकार ही वेगळी गोष्ट आहे. तो इथल्या शेतमजुराला, जहागिरीतल्या कुळाला आणि त्यांच्या घरच्या बायकांना १९५२ च्या निवडणुकीत मिळाला. गुलबर्ग्याने लोकसभेवर पहिला खासदार निवडला तो स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाड्यात शाळा चालवणारे, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी आणि निजामाच्या तुरुंगात राहून आलेले स्वामीजी भाषावार विभाजनाचे पुरस्कर्ते होते. विभाजन झाले आणि १९५७ मध्ये ते औरंगाबादेतून निवडून आले.

१ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत बीदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले. बीदरचे उदगीर, अहमदपूर व निलंगा तालुके मुंबई राज्याला, तर गुलबर्ग्याचे कोडंगल व तांडूर आंध्र प्रदेशाला मिळाले. याच वेळी झालेल्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये मराठवाडा-विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळांची तरतूद आली. मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद संस्थानातून निघालेल्या कर्नाटकी जिल्ह्यांना मात्र काहीच मिळाले नाही. (अर्थात तरतूद असूनही महाराष्ट्रात मंडळे प्रत्यक्ष स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले.)

या विषमतेचा हिशेब नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये मांडला: कर्नाटकातील अतिमागास ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात. वैजनाथ पाटील यांच्यासारख्यांनी अशाच तरतुदीसाठी आंदोलन लावून धरले, दिल्लीत मल्लिकार्जुन खर्गे यांनी पाठपुरावा केला, आणि २०१२ च्या ९८ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (जे) घटनेत आला. त्यानुसार स्वतंत्र विकास मंडळ, निधीचे न्याय्य वाटप आणि शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी राखीव जागा यांची तरतूद करता येते. मंडळाने दरवर्षी आपला अहवाल विधानसभेपुढे ठेवायचा असतो. घटनेतले हे कलम घराघरात पोचले ते प्रमाणपत्राच्या रूपाने: मुलाला प्रवेश किंवा नोकरी हवी असली की आपण याच भागातले आहोत हे दाखवणारे ‘थ्री सेव्हंटी वन जे’ काढावे लागते. नोकरीतील राखीव वाटा चतुर्थ श्रेणीत ८५ टक्के, तर तृतीय श्रेणीत ८० टक्के ठरला. समानतेच्या कलमाला मुरड घालून समानता आणण्याचा हा प्रयोग आहे. राज्याच्या अन्य भागांतील उमेदवारांची त्याविषयी तक्रार असते, पण मागासलेपणाचा वारसा पाहता ती फारशी टिकत नाही.

मराठी भाषकांच्या दृष्टीने अनुच्छेद २९, ३० आणि १९५६ मध्ये आलेले ३५०-अ व ३५०-ब ही कलमे महत्त्वाची. त्यांपैकी ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्याला सांगते. भालकी, औराद, आळंद या पट्ट्यातील मराठी शाळांचा घटनात्मक आधार तोच. सीमाभागाबाबतचा महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला असून बीदर-गुलबर्ग्यातील काही गावेही त्यात आहेत.