आवक, जावक आणि तीन तास

२१५ वर्षं आधी

१७३५ साल, जर्मनीतलं हॅनोव्हर. डॉ. पॉल गॉटलीब वेर्लहोफ एका चांगल्या धडधाकट तरुण मुलीची हकीकत लिहून ठेवतात. उघड कारण काही नाही, आणि एकाएकी नाकातून भळाभळा रक्त, रक्ताच्या उलट्या, अंगावर डाग. या आजाराचा उलगडा ज्या कणांवाचून होणार नाही, त्यांचं काम काय हे जगाला कळायला १८८२ उजाडावं लागलं. ते दाखवलं इटलीतल्या बिझोझेरोने. आपण ज्यांना प्लेटलेट्स म्हणतो ते हे कण.

३५ वर्षं आधी

प्लेटलेट्स कमी का होतात? सरकारी कचेरीतल्या वहीच्या भाषेत सांगायचं तर आवक कमी की जावक जास्त? १९१५ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रँकने आवकीवर बोट ठेवलं: अस्थिमज्जाच प्लेटलेट्स नीट बनवत नाही. दुसऱ्याच वर्षी प्रागमध्ये पॉल काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने उलट सांगितलं. बनतात बऱ्या, पण प्लीहा त्या खाऊन टाकते. तेवढ्यावर न थांबता त्याने प्रोफेसर श्लोफर यांना एका बाईची प्लीहा काढायला राजी केलं. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स धडाधड वाढल्या. विद्यार्थ्याचं ऐकून पोट उघडणाऱ्या त्या प्रोफेसरांचंही मला कौतुक वाटतं.

तरी वाद मिटला नाही, कारण प्लीहा काढूनही काहींची गळती चालूच राहायची. शिवाय एक कोडं होतं. हा आजार असलेल्या आईचं बाळ कधीकधी कमी प्लेटलेट्स घेऊनच जन्माला यायचं, आणि काही आठवड्यांत आपोआप बरं व्हायचं. आईच्या रक्तातून काहीतरी बाळात उतरत असणार आणि हळूहळू संपत असणार.

काही तास आधी

१९५०. अमेरिकेत सेंट लुइसचं बार्न्स हॉस्पिटल, डॉ. कार्ल मूर यांचा रक्तविकार विभाग. विल्यम हॅरिंग्टन आणि जेम्स हॉलिंग्सवर्थ हे तिथले दोन शिकाऊ डॉक्टर. आईकडून बाळात जे उतरतं ते रक्तातच असेल, तर रुग्णाचं रक्त निरोगी माणसाला दिल्यावर त्याच्याही प्लेटलेट्स पडायला हव्यात. निरोगी माणूस कोण? दोघांपैकी ज्याचा रक्तगट रुग्णाशी जुळेल तो. जुळला हॅरिंग्टनचा.

याला शौर्य म्हणायची पद्धत आहे. मला त्यात अधीरपणा जास्त दिसतो. प्रयोग फसला तर निम्मं उत्तर मिळेल, आणि यशस्वी झाला तर आपल्या प्लेटलेट्स जातील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी असला अर्ज पहिल्याच पानावर परत पाठवेल.

तीन तास बाकी

रुग्णाचं सुमारे ५०० मिलिलिटर रक्त हॅरिंग्टनच्या शिरेत जातं.

दोन तास बाकी

बाहेरून पाहणाऱ्याला आतलं काही कळत नाही. आत काय चाललं असणार ते आज सांगता येतं. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. प्लेटलेट फुटत नाही की मोडत नाही, फक्त तिच्यावर शिक्का बसतो. ती रक्तासोबत फिरत प्लीहेत पोचते, तिथल्या भक्षक पेशी शिक्का ओळखतात आणि तिला गिळतात. एरवी आठ-दहा दिवस जगणारी प्लेटलेट काही तासांत संपते.

एक तास बाकी

इथे थोडा हिशेब करू. हिशेब ढोबळ आहे आणि माझा आहे. मायक्रोलिटरमागे अडीच लाख प्लेटलेट्स धरल्या, तर पाच लिटर रक्तात त्या सव्वा लाख कोटी होतात. तीन तासांत जवळपास सगळ्या जायच्या, तर मिनिटाला सातशे कोटींच्या आसपास गेल्या पाहिजेत. निरोगी अस्थिमज्जा दिवसाला साधारण दहा हजार कोटी बनवते, म्हणजे मिनिटाला सात कोटी. आवकीच्या शंभरपट जावक. कारखाना कितीही इमानेइतबारे चालो, या वेगापुढे तो कुठे पुरा पडणार?

शून्य

तीन तासांच्या आत हॅरिंग्टनच्या प्लेटलेट्स धोक्याच्या पातळीखाली गेल्या. अंगावर रक्ताचे ठिपके उमटले. त्याला जोराची फिट आली.

प्लेटलेट्स इतक्या खाली असताना फिट आली की डॉक्टरांच्या मनात आधी एकच शंका येते, मेंदूत रक्तस्राव तर नाही ना. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. वाट पाहण्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं. आणि ज्याने ही शंका इतरांना समजावून सांगायची, तोच पलंगावर पडलेला.

पहिला ते चौथा दिवस

आकडा वर येत नाही. या दिवसांतच प्रयोगाचं खरं उत्तर मिळालं. हॅरिंग्टनच्या छातीच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतला, आणि त्यात मेगाकॅरिओसाइट्स, म्हणजे प्लेटलेट्स बनवणाऱ्या मोठ्या पेशी, जितक्या असायला हव्यात तितक्याच होत्या. कारखाना शाबूत होता, माल वाटेत लुटला जात होता.

पाचवा दिवस

आकडा पुन्हा नेहमीसारखा. उसनी आणलेली प्रतिपिंडं संपली, बाळाची संपतात तशी. प्रयोगशाळेतल्या इतरांनीही मग स्वतःवर हाच प्रयोग करून घेतला, आणि त्यांच्याही प्लेटलेट्स पडून पुन्हा वर आल्या. १९५१ मध्ये शोधनिबंध छापून आला. त्यावर हॅरिंग्टन, हॉलिंग्सवर्थ आणि मूर यांच्यासोबत व्हर्जिनिया मिनिच यांचंही नाव आहे.

रुग्णाला मात्र पाचवा दिवस नाही. त्याचं शरीर ती प्रतिपिंडं रोज नव्याने बनवतं. या आजाराला आज आपण आयटीपी म्हणतो, आणि ज्या घरात तो मुक्कामाला आला आहे तिथे सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. साधा सर्दी-ताप आला की भक्षक पेशी जास्त चेवतात आणि आकडा कोसळतो. स्टेरॉइड सुरू केलं की चढतो, डोस उतरवला की पुन्हा घसरतो. आई मुलाचा मोजा खाली सरकवते आणि नडगीवर, इलॅस्टिकच्या वळाखाली, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके शोधते. बोटाने दाबल्यावर ते फिके पडले नाहीत, तर रिपोर्ट यायच्या आधीच तिला कळलेलं असतं. तोंडात रक्ताळलेले फोड दिसले तर ती थेट हॉस्पिटल गाठते.

अशा वेळी भेटायला आलेले हमखास विचारतात, "मग प्लेटलेट्स का नाही चढवत?" डेंग्यूच्या साथींनी आपल्याला ही सवय लावली. आयटीपीत बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट्सवरही तोच शिक्का बसतो आणि त्याही काही तासांत गिळल्या जातात. म्हणून मोठा रक्तस्राव चालू असल्याशिवाय डॉक्टर त्या सहसा देत नाहीत. बाकी वेळी त्यांचा भर आधी जावक अडवण्यावर असतो.

१५ वर्षांनंतर

१९६५ मध्ये शुलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तातला तो घटक म्हणजे प्रतिपिंडंच, आणि प्लीहा काढलेल्या माणसात त्याचा मारा सौम्य होतो. काझ्नेल्सन जिंकला असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. पण पुढे कळलं, की हीच प्रतिपिंडं मज्जेतल्या मोठ्या पेशींनाही त्रास देतात, त्यामुळे बऱ्याच रुग्णांत उत्पादनही हवं तितकं होत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रॉम्बोपॅग या दोन औषधांना मंजुरी मिळाली. ती जावकीला हात लावत नाहीत, मज्जेला जोर लावून आवक वाढवतात. म्हणजे फ्रँकचंही निम्मं खरं निघालं, फक्त त्याला ९३ वर्षं लागली.