उधारीतून जुळलेली नाती

मुंबईच्या गिरणगावातली नाती रक्ताची आणि गावची होती, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कावसजी दावरांनी १८५४मध्ये कापड गिरणीसाठी कंपनी काढली, १८५६मध्ये ताडदेवची गिरणी चालू झाली आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसे लालबाग-परळला आली, ती गावची ओळख घेऊनच. पण एका गावचे असणे म्हणजे एकमेकांचे होणे नव्हे. बांधावरची भांडणेही त्यांच्याबरोबर आलीच. ओळखीचे नाते झाले ते उधारीमुळे, आणि या उधारीचे मोठे ठिकाण होते खानावळ.

चाळीतली एक खोली. भिंतीला लावलेल्या ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा होई. बायकामुले गावी, म्हणून जेवण खानावळवालीकडे. ती बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. स्वतःच्या खोलीत कितीएक जणांचे रांधायची आणि पैसे घ्यायची पगार झाल्यावर. बदली कामगाराला तर गिरणीच्या दारात उभे राहिल्याशिवाय आज काम आहे की नाही हेही कळत नसे. अशा माणसाला महिनाभर वाढायचे तर त्याच्या घरी कोण आजारी आहे, शेतात काय पिकले, मनिऑर्डर किती गेली, हे ठाऊक असावे लागे. हिशेब ठेवता ठेवता माणूस कळत गेला. व्यवहार आणि जिव्हाळा वेगवेगळे ठेवावेत असे आपण आज मानतो. इथे ते वेगळे काढताच येत नव्हते. १९७३च्या संपात या बायकांनी भांडीकुंडी, दागिने गहाण टाकून कामगारांना जेवू घातले. गोवा मुक्तिलढ्यात वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते हे पाहूनच. ज्यांच्याजवळ तारण नव्हते त्या बायकांना एकमेकींना जामीन राहून बँकेचे कर्ज मिळू लागले.

ही तर मजबुरी, हिला नाते कसे म्हणावे, असे कोणी विचारील. गिरणीतल्या जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे, पाहिले तर प्रश्न रास्त आहे. कामावर लावणारा तोच, दस्तुरी घेणारा तोच आणि अडीनडीला पैसे देणाराही अनेकदा तोच. त्याची उधारी हा फास होता. पण जॉबर सुरक्षित होता, खानावळवाली नव्हती. गिऱ्हाईक बुडाले की तीही बुडे. जोखीम दोन्ही बाजूंना होती, आणि माझ्या मते नाते खोल जाते ते तिथेच. दुसरा आक्षेप याहून जड आहे, तो जातीचा. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. खानावळीही जातीजातींच्या होत्या. एका बावट्याखाली उभ्या राहिलेल्या माणसांचे ताट एक नव्हते, आणि ताट तुटले तिथे उधारीतला विश्वासही तुटला. गिरणगावच्या आठवणी काढताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पगार थांबला तशी खानावळींची उधारी थकत गेली, आणि ती फेडणारे हात एकेक करून गावची गाडी धरू लागले.