कुलाब्याच्या वहीतला अरोरा

10 मे 2024, अक्षय्य तृतीयेची रात्र. दोनच्या सुमारास युरोपात शिकणाऱ्या मित्राने ग्रुपवर फोटो टाकला: घराच्या छपरामागे गुलाबी-हिरवं आकाश. मी ऑन-कॉल असल्यामुळे जागाच होतो. कोथरूडच्या गच्चीत जाऊन फोन कठड्याला टेकवला, नाइट मोड लावला आणि उत्तरेकडे रोखला. फोटोत आला शहराचा पिवळट उजेड आणि शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तो ग्रुपवर टाकल्यावर उत्तर आलं, "अरे, पुण्यातून कधी अरोरा दिसतो का!"

त्याच रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी मात्र लाल आकाश टिपलं. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण वातावरणावर आदळले की अरोरा पेटतो. सुमारे 200 किलोमीटरच्या वर ऑक्सिजन लाल उजळतो, त्याच्या खाली हिरवा. हानलेपासून अरोरा फार उत्तरेला असतो. त्यामुळे क्षितिजावर डोकावतो तो फक्त त्याचा वरचा, लाल भाग.

मित्राला खोटं पाडायचं म्हणून मी शोधायला लागलो, आणि एक तारीख सापडली: 4 फेब्रुवारी 1872, रविवार. त्या दिवशी सूर्यास्तानंतर मुंबईतून अरोरा दिसल्याची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली होती. अमावास्या पाचेक दिवसांवर होती, म्हणजे संध्याकाळच्या आकाशात चंद्र नव्हता. विजेचे दिवेही नव्हते. मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेश तर कित्येक तास विस्कळीत झाले होते. याचा फोटो मात्र कुठेच नाही. अरोराचा पहिला फोटो निघाला तो 1892 मध्ये, नॉर्वेत.

पण मला जास्त अडकवून ठेवलं ते त्याच्याही 13 वर्षं आधीच्या एका नोंदीने.

1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. तेव्हा मुंबईत सकाळ होती. लख्ख उन्हात अरोरा कुणाला दिसणार? पण कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकाचे वेध घेतले जात होते. दुर्बिणीतून मोजपट्टीकडे बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. एरवी तासाला एकदा, चुंबक बिथरला की दर काही मिनिटांनी. लंडनच्या ग्रीनिच आणि क्यू वेधशाळांत हेच काम फोटोच्या कागदावर आपोआप होत असे. पण वादळ इतकं मोठं होतं की तिथली रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यात माणूस आकडे लिहीत राहिला.

2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरुबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. कुलाब्यात चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरलं होतं. मे 2024 चं वादळ वीसेक वर्षांतलं सर्वांत मोठं, तरी ते याच्या आसपासही जात नाही. मार्च 1989 च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. आज 1859 सारखं वादळ आलं तर वीज, उपग्रह, जीपीएस यांचं काय होईल, याचा अंदाज बांधताना कुलाब्याचा हा आकडा हाताशी लागतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही चुंबकावर परिणाम होणार नाही अशा सामग्रीची. 1904 पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवला आणि मगच कुलाब्यातलं काम थांबवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डाउनटाइम न घेता केलेलं मायग्रेशन. 1910 मध्ये त्यांनी 1846 ते 1905 पर्यंतच्या नोंदी छापूनही ठेवल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

आमच्या सिस्टिमचे लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातात. ते सेटिंग मीच केलंय. नव्वद दिवसांनंतर कोण बघणार, असा साधा हिशोब होता. कुलाब्यातल्या त्या सकाळचे आकडे 144 वर्षांनी कामाला आले.

गच्चीतला तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. खाली तारीख आणि वेळ आहे.