मृत्युलेख (वृत्तपत्रीय)

नामवंत व्यक्तीच्या निधनानंतर वृत्तपत्राने तिच्या कार्याचा घेतलेला लेखी परामर्श. निधनाची बातमी निराळी. ती वार्ताहराची, मृत्युलेख संपादकाचा. मराठीत हा प्रकार अग्रलेखाच्या जागेतच वाढला, आणि त्याचे उत्तम नमुने बहुधा विरोधकांच्या लेखणीतून उतरले.

आगरकर (मृ. १७ जून १८९५) ‘केसरी’चे पहिले संपादक. मतभेदांमुळे बाहेर पडून त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. त्यांच्यावर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. टिळकांचे राजकीय विरोधक गोपाळ कृष्ण गोखले (मृ. १९ फेब्रुवारी १९१५) गेले तेव्हाही तसेच घडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तुटून पडणारे आचार्य अत्रे नेहरूंच्या निधनानंतर (२७ मे १९६४) आपल्या ‘मराठा’ दैनिकात त्यांच्यावर लिहीत राहिले, ते लेख पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने ग्रंथरूप झाले. ‘मराठा’ सुरू झाला १५ नोव्हेंबर १९५६ रोजी. पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच त्याच्यापुढे दोन मोठे मृत्यू आले: ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर, २० डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबा.

घाईची चूक : २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा केली, आकाशवाणीनेही ती प्रसारित केली. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हयात होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते वारले.

दूरचित्रवाणी : अंत्ययात्रेचे थेट प्रक्षेपण, मृत्युलेख जवळजवळ नाही.

निर्बंध : आत्महत्येच्या वार्तांकनासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी ताशेरे ओढले.

ग्रामीण रूप : जऊळका रेल्वे (ता. मालेगाव, जि. वाशीम) यांसारख्या गावांतले मृत्यू जिल्हा पानावरील ‘निधन वार्ता’ सदरात येतात. ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे कारण, मग वय, अंत्यसंस्कार आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात’चा परिवार. मूल्यमापनाला जागा नसते. माजी सरपंच किंवा सोसायटीचे अध्यक्ष गेले, तरी ओळी वाढतात त्या मुले, सुना, नातवंडांच्याच.