परभाषा आणि बालवय : उज्जयिनीच्या इतिहासातील एक धडा

कोवळ्या वयात मुलांना परभाषा शिकवावी की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांना नवा नाही. महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये घेतला व लोकमताच्या विरोधामुळे जूनअखेर तो रद्द केला, तेव्हा या प्रश्नाची पुन्हा चर्चा झाली. या वादात इतिहास काय सांगतो, ते येथे थोडक्यात पाहू.

प्रथम उज्जयिनीकडे वळू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तरी अनेक मराठी घराणी क्षिप्रेकाठीच राहिली. त्यांच्या मुलांच्या कानी घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी व पुढे इंग्रजी पडे. १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध याच नगरीत शिकले आणि हिंदीतील थोर कवी ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मात्र मराठीत लेखन केले. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली व १९७९ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच घरातून दोन भाषांची सेवा घडली. एकीच्या लाभासाठी दुसरीचा बळी द्यावा लागला नाही.

असे का घडावे? एकाच वस्तूला दोन नावे असू शकतात, हे ज्या बालकाला लवकर उमगते, त्याला शब्द व अर्थ यांतील भेदही लवकर कळतो. परक्या ध्वनींचे अनुकरण त्याला सहज साधते; मराठीतील ‘ळ’ किंवा ‘च’चे दोन उच्चार प्रौढपणी शिकू पाहणाऱ्यांचे कष्ट आपण पाहतोच. मात्र आठवड्याच्या दोनचार तासिकांनी हा लाभ होत नाही. तेवढ्याच तासांत मोठी मुले लहानांपेक्षा अधिक वेगाने शिकतात, असे अभ्यासकांस आढळले आहे. उज्जयिनीच्या बालकांना परभाषा केवळ पाठ्यपुस्तकात नव्हे, तर खेळात व बाजारात भेटली, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आपल्या ख्रिस्ती इतिहासात मात्र दोन टोके दिसतात. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने आपले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात मराठीत छापून लोकभाषेचा गौरव केला. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत टिकली. परंतु पोर्तुगीज ही गोव्याच्या घराघरांतील भाषा झाली नाही. याउलट १८५५ च्या सुमारास बोस्टनहून आलेल्या रूफस अँडरसन यांच्या धोरणानुसार अमेरिकन मराठी मिशनने इंग्रजी शिक्षण आवरते घेतले. इंग्रजी शिकलेला तरुण आपल्या लोकांत राहणार नाही, ही भीती त्यामागे होती. हेतू चांगला होता. पण नव्या जगाची दारे त्यामुळे मुलांना बंद झाली, आणि पुढे त्याच मिशनला इंग्रजीचे शिक्षण पुन्हा हाती घ्यावे लागले. एका टोकाला परभाषा लादली गेली, दुसऱ्या टोकाला ती नाकारली गेली.

यरुशलेमेत पौलाने रोमी सरदाराशी हेल्लेणी भाषेत संभाषण केले आणि लगेच जमावाशी तो इब्री भाषेत बोलला. एका भाषेने त्याला बोलण्याची परवानगी मिळवून दिली. दुसरी ऐकताच लोक अधिक शांत झाले. आपल्या बालकांनाही दोन्हींची गरज आहे. म्हणून आम्ही धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना एवढेच सुचवितो : मुलांना परभाषेतील गीते, गोष्टी, संवाद अवश्य शिकवावेत, परंतु प्रार्थना व पवित्र शास्त्राचा पहिला पाठ त्यांना आईच्या भाषेतच मिळावा, आणि घरची बोली बोलल्याबद्दल एकाही बालकास आपल्या वर्गात लाज वाटू नये.