पोटातल्या बाळात दोष असल्याचं कळलं तर? निर्णय कसा घ्यावा, स्वतःला कसं सावरावं?

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. बाळाचे हातपाय पाहायला मिळणार म्हणून नवरा-बायको हौसेने जातात. तपासणारे डॉक्टर एका जागी थांबतात, पुन्हा पुन्हा तीच जागा पाहतात आणि बोलणं बंद होतं. काही मिनिटांनी शब्द कानावर पडतात, 'बाळात एक प्रॉब्लेम दिसतोय.'

जन्माला येणाऱ्या दर १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांमध्ये महत्त्वाचा जन्मजात दोष असतो. तरीही या प्रसंगाबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही. त्यामुळे वेळ येते तेव्हा जोडप्याला पुढचं पाऊल कुठे टाकायचं हेच समजत नाही.

आधी एक गोष्ट : संशय आणि निदान वेगळं

डबल मार्कर, एनआयपीटी आणि ११ ते १४ आठवड्यांमधली एनटी सोनोग्राफी या चाळणी चाचण्या आहेत. त्या धोका किती हे सांगतात, दोष आहेच असं सांगत नाहीत. गुणसूत्रांमधल्या दोषाची खात्री करायची तर गर्भजल तपासणी (साधारण १५ आठवड्यांनंतर) किंवा त्याआधी वारेच्या पेशींची तपासणी करावी लागते.

१८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला 'अॅनोमली स्कॅन' म्हणतात. त्यात मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय हे सगळं पाहिलं जातं. हृदयात दिसणारा चमकदार ठिपका किंवा मेंदूतली लहानशी गाठ अशा काही खुणा एकट्याच असतील तर बहुतेकदा बाळ निरोगी असतं. उलट कवटी आणि मेंदूचा मोठा भागच तयार न होणं (अॅनेनसेफली) यासारखे दोष सोनोग्राफीतच स्पष्ट होतात आणि त्यात बाळ जगत नाही.

म्हणून पहिल्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. फीटल मेडिसिन तज्ज्ञाकडून दुसरं मत घ्यावं. हृदयाचा प्रश्न असेल तर फीटल इको करून घ्यावा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

धक्क्यात ऐकलेलं अर्धं विसरायला होतं. प्रश्न लिहून न्यावेत आणि सोबत विश्वासातलं एक माणूस असावं.

• दोषाचं नेमकं नाव काय? निदान पक्कं आहे की आणखी तपासणी हवी?
• जन्मानंतर उपचार आहेत का? किती शस्त्रक्रिया, कुठे, खर्च किती?
• उपचारानंतर मूल कसं जगेल? चालणं, बोलणं, शिकणं?
• जनुकीय तपासणीचा रिपोर्ट किती दिवसांत येईल?
• ठरवायला आमच्या हातात किती दिवस आहेत?

जन्मानंतर ज्यांना तो उपचार करावा लागतो, त्या बालशल्यचिकित्सक किंवा बालहृदयरोगतज्ज्ञांशीही बोलावं. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाची काही छिद्रं यांवर चांगले उपचार आहेत. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'तून अशा अनेक दोषांवर मुलांना मोफत उपचार मिळतात.

कायदा काय सांगतो?

२००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांना २४व्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं कळलं. तेव्हा गर्भपाताची मर्यादा २० आठवडे होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली आणि त्यानंतर काही दिवसांत त्यांचा गर्भपात आपोआप झाला. या प्रकरणानंतर कायदा बदलण्याची मागणी देशभर पोचली. बदल झाला तो २०२१ मध्ये.

आता नियम असे आहेत :

• २० आठवड्यांपर्यंत : एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरेसं.
• २० ते २४ आठवडे : दोन डॉक्टरांचं मत. गर्भातला गंभीर दोष हे त्यासाठी मान्य कारण आहे.
• २४ आठवड्यांनंतर : दोष गंभीर असल्याचं मेडिकल बोर्डाने म्हटलं तर. बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी तज्ज्ञ असतात. अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं.

स्त्री १८ वर्षांवरील असेल तर कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने बंधनकारक नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३३ आठवड्यांच्या एका गर्भवतीला, मेडिकल बोर्डाचं मत विरोधात असतानाही, परवानगी दिली. निर्णयाचा हक्क त्या स्त्रीचाच आहे, बोर्डाचा नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

दोष शोधण्यासाठी तपासणी करणं कायदेशीर आहे. गर्भाचं लिंग विचारणं किंवा सांगणं मात्र गुन्हाच.

दोन्ही वाटा कठीण

काही जोडपी गर्भ वाढवायचं ठरवतात. मग बाळंतपण अशा हॉस्पिटलमध्ये ठरवावं, जिथे नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आणि लागणारे तज्ज्ञ आहेत. बाळ जगणार नाही हे माहीत असूनही काही जण त्याला जन्म देतात. तेव्हा त्याला वेदना होऊ नयेत, आईबापांना त्याला जवळ घेता यावं, एवढीच काळजी घेतली जाते.

काही जोडपी थांबायचं ठरवतात. पाचव्या महिन्यात बहुतेकदा औषधांनी कळा आणून बाळंतपण करावं लागतं. हे आधी सांगितलं गेलं नाही तर त्या वेळी मोठा धक्का बसतो. नंतर काहींना दूधही येतं. ते थांबवण्याचं औषध डॉक्टरांकडे आधीच विचारून ठेवावं. बाळाला पाहायचं का, हातात घ्यायचं का, याला बरोबर किंवा चूक उत्तर नाही. मन बदललं तरी चालतं.

नोकरदार स्त्रीला कायद्यानुसार गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते.

'माझंच काही चुकलं का?'

हा प्रश्न जवळपास प्रत्येक आईला छळतो आणि घरचे त्यात भर घालतात. 'ग्रहणात काही चिरलं होतंस का?' 'कुणाची दृष्ट लागली?' ग्रहणाचा आणि बाळाच्या दोषाचा काहीही संबंध नाही. बहुतेक दोष गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, अनेकदा पेशींच्या विभाजनातल्या चुकीमुळे होतात. कित्येकदा कारण सापडतच नाही.

स्वतः ठरवून गर्भपात केला म्हणून दुःख करायचा हक्क उरत नाही, असं अनेकींना वाटतं. तसं नसतं. हवंहवंसं वाटणारं बाळ गेलेलं असतं. नवऱ्यालाही 'तू खंबीर राहा' एवढंच सांगितलं जातं आणि त्याचं रडणं राहून जातं. दोघांचं दुःख एकाच वेगाने ओसरत नाही. एकजण कामाला लागला म्हणजे त्याला काही वाटलं नाही, असं नव्हे.

नातेवाइकांनी 'पुढच्या वर्षी होईल' हे वाक्य टाळावं. जेवणाचा डबा पोचवावा, जवळ बसावं, विषय निघाला तर ऐकावं.

झोप उडाली, खाणंपिणं सुटलं, जगणं नको वाटू लागलं तर वाट पाहू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

पुढच्या वेळेसाठी

शक्य असेल तर गर्भाची जनुकीय तपासणी किंवा शवविच्छेदन करून घ्यावं. दोष पुन्हा होण्याची शक्यता किती, हे त्यावरून सांगता येतं. आधीच्या बाळाला मणक्याचा किंवा मेंदूचा दोष असेल तर पुढच्या गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून फोलिक अॅसिडचा नेहमीच्या सुमारे दहापट डोस, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सुरू करतात. सगळे रिपोर्ट एका फायलीत जपून ठेवावेत. आज ती फाईल उघडवणार नाही, पण पुढच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तीच लागेल.