लम्पी त्वचारोग : निदान व मागोवा

गायवर्गीय जनावरांचा विषाणुजन्य रोग. म्हशींत तुलनेने कमी आढळतो. याचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंचा निकटवर्ती असून त्याचा प्रसार मुख्यतः चावऱ्या माश्या, डास व गोचीड यांमार्फत होतो. प्रथम नोंद झांबियात (१९२९), भारतात ओडिशात (२०१९).

ताप, सुजलेल्या लसीका ग्रंथी व अंगभर टणक गाठी दिसल्या की पशुपालक स्वतःच रोग ओळखतो. तथापि कीटकदंश व काही सौम्य त्वचारोगांतही गाठी येतात, म्हणून पीसीआर चाचणी आवश्यक ठरते. रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो, खपलीत मात्र दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे खपली हाच भरवशाचा नमुना. प्रतिपिंड-चाचणीने लसीचा व रोगाचा परिणाम सहसा वेगळा करता येत नाही.

महाराष्ट्रात २०२२ च्या साथीची सुरुवात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे नोंदली गेली. बाधित गावाभोवती ५ किमी. परिघात लसीकरण करण्यात आले. त्याच वर्षी लखनौतून उत्तर प्रदेश शासनाने पिलीभीत ते इटावा असा सु. ३०० किमी. लांब व १० किमी. रुंद लसीकरण-पट्टा आखला आणि जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. दुसरा उपाय अधिक मोलाचा म्हणावा लागेल : माशी फार लांब जात नाही, ट्रक जातो. मागोवा घेताना आणखी एक अडचण येते : काही बाधित जनावरांत गाठी येतच नाहीत. केवळ लक्षणांवरून केलेली बाधितांची गणना त्यामुळे अपुरी राहते.